घशातली मोटार

मेळा लागला परत. सकाळी दूधवाला धुक्यातून आला तो हीच खबर घेऊन, आणि त्याच्या मागोमाग आमच्या खासगी बाजार मोहल्ल्यातल्या गल्लीत यंदाची पहिली नवी गाडी शिरली. जानेवारीत आमच्याकडे गाडी एकदम दिसत नाही. आधी झेंडूचा हार दिसतो, मग बॉनेटवरचं कुंकवाचं स्वस्तिक, आणि मग उरलेली गाडी हळूहळू बाहेर पडते, जशी काय कोणीतरी तिला पेन्सिलने आत्ताच काढून राहिलं आहे.

बाहेरच्या लोकांना सांगावं लागतं म्हणून सांगतो. ग्वाल्हेरात गाडी घ्यायला दसरा, पाडवा, काही लागत नाही. मेळा लागतो, म्हणजे दर जानेवारीतली आमची सरकारी व्यापारी जत्रा. मेळ्यात घेतली की रस्त्याचा टॅक्स निम्मा, आणि ही गोष्ट आमच्याकडे पोराला बाराखडीच्या आधी कळते. जुन्या स्कूटरचं चाक निखळून हातात आलं तरी माणूस म्हणतो, मेळ्यापर्यंत ढकलू. लग्नं ठरतात, मोडतात, पुन्हा ठरतात, गाडी मात्र मेळ्यातच. घेऊन झाली की सगळं घर मेळ्यात खजला, ती पापुद्र्यांची तळलेली मिठाई, खातं, आणि दात वाजत असताना सॉफ्टी चाटतं. एवढ्या थंडीत आइसक्रीमसाठी रांग लावणारी जमात जगात दुसरी नसेल.

मला हे दिवस फार आवडायचे. आता पहिला हार धुक्यातून दिसला की मी खिडकीतून मागे होतो. दोन वर्षांपूर्वीच्या मेळ्यात मी एक काम केलं. ते सांगणारच आहे, पण आधी माझ्या गाड्या.

माझ्या म्हणजे माझ्या नाहीत. ग्वाल्हेरात कोणाच्याच नाहीत. मी जवळच्या डबरा गावात शाळेत होतो तेव्हा बाबा तिथल्या सरकारी कचेरीत बाबू होते, आणि सुट्टीत आम्ही ग्वाल्हेरला आत्याकडे यायचो. नई सडकवर एका रद्दीवाल्याकडे मला एक मासिक सापडलं. फ्रेंच होतं, एक अक्षर कळायची सोय नव्हती. कोणी परदेशी पाहुणा हॉटेलात टाकून गेला असणार. त्यात एक निळी मोटार होती, बर्फाच्या घाटात आडवी झालेली. छप्पर बाजूला उभ्या माणसाच्या कमरेएवढं. पुढचे दिवे असे जवळ-जवळ, जशी काय मांजर काहीतरी चोरून पळून राहिली आहे. तिचं नाव अल्पाइन, हे मला वर्षभराने कळलं. तोपर्यंत मी तिला निळी म्हणायचो.

शाळेत माझं नाव नकलांसाठी होतं. हेडमास्तर, स्टेशनची अनाउन्समेंट, शेजारच्या पाण्याच्या मोटरीचं कोरडं चालणं, सगळं मी काढायचो. खास हुनर म्हणजे तोंड बंद ठेवून काढायचो. गणिताच्या तासाला ओठ न हलवता स्कूटर आणून खिडकीखाली उभी करायची, गणिताचे सर बघायला बाहेर जायचे की कोण आलं, आणि तेवढ्यात फळ्यावरचं उत्तर पुसून टाकायचं. एवढ्या तयारीच्या माणसाला निळीचा आवाज मात्र माहीत नव्हता. फोटोला आवाज नसतो. मग मी तो बनवला. न्हाणीघरात बादलीत तोंड घालून, कारण बादलीत आवाज घुमतो. आई बाहेरून विचारायची, तुला उलटी होऊन राहिली आहे का.

कित्येक वर्षांनी हातात फोन आला आणि खरा आवाज ऐकला. फार चुकलो नव्हतो. फक्त घोगरेपणा कमी पडत होता.

मित्र म्हणायचे, यार, इटलीच्या गाड्या का नाही आवडत तुला, सगळ्यांना आवडतात. इटलीच्या गाड्या माहीत असायला काय लागतं. त्या सलूनच्या भिंतीवर असतात, दाढी करताना दिसतात. मला त्या गाड्या ओढायच्या ज्यांचं नाव घेतलं तर समोरचा म्हणतो, कोणती? पान्हार म्हणून एक होती. इंजिनात दोनच सिलिंडर, आपल्या मोटरसायकलवर बसवावं एवढंसं, आणि अंग असं की वारा लाजावा. एसएम नावाची एक, जिचे दिवे स्टिअरिंगबरोबर वळायचे. गाडी वळायच्या आधी ती डोळे वळवून बघायची. आणि ही अल्पाइन. तिच्यात काही राजेशाही नव्हतं, फ्रान्सातल्या मास्तर-कारकुनांच्या गाडीचं इंजिन उचलून पाठीमागे ठेवलं, वरून फायबरचं पातळ कवच घातलं, आणि घाटात सोडली. घरगुती इंजिनच ते. पण अंगात वारं भरलेलं. एका बाबूच्या पोराला याच्याहून जास्त काय पाहिजे.

सगळ्यात लाडकी म्युरेना. तिला मागची सीटच नाही. पुढे एका ओळीत तीन सीट, तिघं खांद्याला खांदा लावून. ताईचं लग्न होऊन ती इंदूरला गेली तेव्हापासून आम्ही घरात तिघंच, त्यामुळे मला वाटायचं की ही गाडी कोणीतरी आमच्याकडे बघूनच काढली आहे. एकदा आई पोळ्या लाटत होती, मी फोनवर फोटो दाखवला. ती बघत राहिली. मग म्हणाली, मधे कोण बसतं? मी म्हटलं, तू. तिने पोळी उलटली आणि म्हणाली, "मधल्याला दार नसतं न."

त्या वर्षी बाबा रिटायर झाले होते आणि आम्ही डबऱ्याहून इथे भाड्याच्या दोन खोल्यांत आलो होतो. माझं बी.कॉम. झालेलं, पुढे काय तर सरकारी परीक्षा. नई सडकच्या एका लायब्ररीत मी प्लायवुडच्या खोक्यात बसायचो. आमच्याकडे लायब्ररी म्हणजे पुस्तकं नसलेली जागा, जिथे लोक आपली पुस्तकं आणून गप्प बसतात. डावीकडे प्लाय, उजवीकडे प्लाय, समोर कोणीतरी चिकटवलेला भारताचा नकाशा. मी सामान्य ज्ञान उघडायचो आणि कानात इयरफोन घालून पान्हार ऐकायचो. फट्-फट्-फट्. परीक्षा दोनदा दिली होती. दोन्ही वेळा निकालाच्या यादीने मला ओळखलं नाही.

तेव्हाच पुण्याचं झालं. तिथे एका अण्णांचं जुन्या मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज आहे. त्यांनी एका डोफिनचा व्हिडिओ टाकला होता. डोफिन म्हणजे तीच ती साधी फ्रेंच घरगुती गाडी, एके काळी मुंबईतपण जोडली जायची, आणि सुरुवातीच्या अल्पाइन याच गाडीचे भाग घेऊन बांधलेल्या. म्हणजे निळीची आजी समजा. अण्णांनी ती वीस वर्षांनी चालू केली होती, लोक टाळ्या वाजवत होते, आणि मला ऐकू येत होतं की ती एका पायाने लंगडून राहिली आहे. मी त्यांना व्हॉइस मेसेज पाठवला. आधी तोंडाने ती जशी वाजते तशी काढली, मग जशी वाजायला पाहिजे तशी, आणि शेवटी म्हटलं, एक सिलिंडर झोपलंय काका, बघा. दोन दिवसांनी फोन आला. अण्णा आधी पोट धरून हसले. मग म्हणाले, कान आहे तुला, हात नंतर बघू. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपर्यंत कामाला ये, नाहीतर नाशिकचा एक पोरगा थांबलाय माझ्याकडे.

हे घरी कसं सांगायचं, याची मी आठ दिवस रिहर्सल केली. बाबांच्या आवाजात नाही म्हणून बघितलं, आईच्या आवाजात जाऊ दे म्हणून बघितलं. आमची चर्चा माझ्या डोक्यात फार छान झाली. सगळी पात्रं मीच होतो न.

ज्या संध्याकाळी सांगणार होतो, त्याच दिवशी दुपारी बाबा म्हणाले, चल, मेळ्यात चक्कर मारू. मला वाटलं, बघायला. दर वर्षी बघायलाच जायचो. भोंग्यावर कोणीतरी लकी ड्रॉचे नंबर वाचत होतं, बाबांनी मला सॉफ्टी घेऊन दिली, आणि मग एका शोरूमच्या मंडपात नेऊन एका पांढऱ्या छोट्या गाडीसमोर उभं केलं. तिला हार घातलेला होता. पुढच्या काचेवर बाबांचं नाव लिहिलेला कागद.

"तुला गाड्यांचा शौक आहे न," बाबा म्हणाले. "आता बाहेर कशाला बघायचं. घरीच आली."

माझ्या हातातली सॉफ्टी गळून राहिली होती. बाबांचा चेहरा मी आयुष्यात एवढा उघडा बघितला नव्हता. त्यांनी कधी गाडी चालवलेली नाही, सायकलच्या पुढे गेलेच नाहीत; मी कॉलेजात मित्राच्या गाडीवर शिकलो होतो. मी नारळ फोडला, स्टिअरिंगवर बसलो, बाबा शेजारी बसले, आई मागे बसली. मेळ्यापासून घरापर्यंत धुक्यात दिवे लावून मी ती पांढरी गाडी आणली, आणि पुणं घशातच राहिलं.

लोकांना वाटतं अडकणं म्हणजे दार बंद होणं. नाही यार. चार दारं होती, चारही उघडायची.

मग संक्रांत आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, आणि आमची आत्या म्हणजे खासगी बाजारातल्या समस्त मराठी बायकांची बिनपगारी कमांडर. बाबांची मोठी बहीण ती, दोन गल्ल्या सोडून राहते, तिच्यासमोर बाबापण उभे राहून बोलतात. तिने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की आता सवारीच्या टेम्पोची झंझट संपली, गाडी आहे, ओंकार आहे. रोज दुपारी चारला मी तिच्या दाराशी. रेशमी साड्या, साडीवर स्वेटर, सँडलमध्ये मोजे. आत्या पुढे, तीन काकू मागे, मांडीवर वाणाच्या प्लास्टिकच्या डब्यांचा डोंगर. आत हीटर, तिळाच्या वड्या, गजरे आणि झेंडू बाम, या सगळ्यांचा मिळून एक वास. काचेवर वाफ धरायची, मी पुसायचो, परत धरायची. आरशात बघितलं तर मागे ओळीने तीन कपाळं, तीन कुंकवं.

आणि नई सडक. नई सडकवर गाडी चालत नाही, रहायला जाते. पुढे ई-रिक्षा, त्याच्या पुढे तीळ-गुळाच्या गजकचा ठेला, ठेल्यापुढे त्याच्याशी भाव करून राहिलेला ई-रिक्षावाला. पहिला गिअर, क्लच, ब्रेक. पहिला गिअर, क्लच, ब्रेक. मागे माझं लग्न सुरू व्हायचं.

"आता गाडीवाला मुलगा आहे म्हणून सांगता येईल," एक काकू म्हणाल्या.

आत्या म्हणाली, "आधी नोकरीवाला होऊ दे. गाडी काय, गाडी तर नवऱ्या मुलाला न विचारता पण येते."

अशाच एका दुपारी मी तोंड बंद ठेवून निळी काढली. घाटातली, बर्फावरची, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना जी खोकते तीच. दहा मीटरसुद्धा सरकलो नव्हतो, पण घशात मी आल्प्स चढून राहिलो होतो. मागून एक काकू म्हणाल्या, विमान गेलं वाटतं. महाराजपुऱ्याच्या तळावरची फौजी विमानं आमच्या डोक्यावरून जातातच, कोणी वर बघत नाही. आणि मला वाटलं, अरे, यांना पत्ताच लागत नाही.

तिथून डोक्यात किडा शिरला. गाडी बिघडली तर? आठ दिवस मिस्त्रीकडे गेली तर ओंकारची गरज नाही. ताईकडे जातो सांगून इंदूर, इंदूरहून पुणं. अण्णांना तोंड दाखवून, जागा धरून मग घरी फोन. त्या वेळी मला ही योजना हुशार वाटली होती. दुसऱ्या दिवशी फूलबागेच्या मोकळ्या रस्त्यावर मी जीभ टाळूला लावली आणि एक खट्-खट् काढली. डाव्या बाजूची, पुढच्या चाकाजवळची. गाडी वेग घेईल तशी ती जवळ-जवळ यायची, ब्रेकला विरायची. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात बारीक काम.

आत्याने हात वर केला, सगळ्या गप्प.

"ओंकार, हे काय वाजून राहिलंय?"

मी म्हटलं, कुठे काय आत्या, मला तर काहीच ऐकू नाही येत.

संध्याकाळपर्यंत ते घरी पोचलं. रात्री बाबा शेजारी बसले, गल्लीला चक्कर मारली, मी परत काढली. बाबांनी मान खिडकीकडे झुकवली, डोळे मिटले. मला हसू दाबावं लागलं. आज हे लिहिताना येत नाही, पण तेव्हा हसूच आलं होतं.

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये गाडी नेली. त्यांना काही सापडलं नाही, सापडणार कुठून. परत आणताना मी परत काढली. मग बाबा आमच्या नाक्यावरच्या रईसभाईंकडे गेले. रईसभाई जुने मिस्त्री. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला, आणि मला आत बसून रेस द्यायला सांगितली. बाबा लांब उभे होते. मी रेस दिली, खट्-खट् दिली. रईसभाईंनी कान काढला, परत लावला. मग माझ्या खिडकीशी येऊन हात पुसत हळू बोलले, "बेटा, इंजन तो चुप है. बोल कौन रहा है?"

बाबांना त्यांनी एवढंच सांगितलं की मला नाही जमत, बाबूजी.

तिथे थांबायला पाहिजे होतं. पण नकलेत एक मुश्किल असते, मधेच सोडली तर ती नक्कल होती हे कळतं. मी थांबलो नाही.

आता मला त्या सकाळी आठवतात. धुकं इतकं की गल्लीच्या टोकाचा दिवा नुसता पिवळा डाग. आणि त्यात बाबा, मफलर गुंडाळून, पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडून उभे. इंजिन बंद असायचं. ते नुसता हात ठेवून उभे राहायचे, ताप बघतात तसा. आईने विचारलं तर म्हणाले, मी घाई केली, मेळ्याच्या नादात नीट बघितली नाही. जेवण निम्म्यावर आलं. आत्या एकदा बोलली की आमच्या भावाला काय कळतं गाडीतलं, आणि बाबा हो म्हणाले. गाडी कोणी मिस्त्री ठेवून घेईना, आणि इंदूरला जायचं मी कोणाला बोललोच नाही. बारा दिवस झाले होते. सोमवार जवळ येत होता, आणि मी माझ्याच आवाजात कोंडलो होतो.

मग एका दुपारी बाबा म्हणाले, चल, मेळ्यात शोरूमच्या काउंटरवर जाऊ, तिथे साहेब असतो. मेळा संपायला आलेला, गर्दी तुफान. काउंटरवर टाय लावलेली माझ्याच वयाची दोन पोरं. बाबा रांगेत उभे राहिले. त्यांनी जन्मात कशाचीच तक्रार केलेली नाही. हॉटेलात चहात माशी निघाली तरी ते माशी काढून पितात. नंबर आला तेव्हा त्यांनी आधी मफलर काढून हातात घेतला, जसं साहेबासमोर जाताना काढतात. सांगितलं, नवी गाडी आहे, आवाज येतो.

"कैसी आवाज, अंकल जी?"

बाबा म्हणाले, खट्-खट्.

"कैसी खट्-खट्? करके बताओ न."

आणि बाबांनी करून दाखवली.

टाळूला जीभ लावून. मान जरा डावीकडे, कारण आवाज डावीकडून येत होता. वेग घेते तशी जवळ-जवळ आणली, आणि पाय खाली दाबला, जणू ब्रेक आहे, आणि ती विरू दिली. मी या धंद्यातला माणूस आहे म्हणून सांगतो, नक्कल उत्तम होती. ज्या माणसाने आयुष्यात कोणाची नक्कल केली नाही, त्याने बारा दिवस एवढं मन लावून ऐकलं होतं. रांगेतले लोक हसले. एकाने मोबाइल काढला. टायवाला म्हणाला, "एक बार फिर से, अंकल जी." बाबांना वाटलं तो नीट ऐकून राहिला आहे. त्यांनी पुन्हा केली.

मी त्यांचा दंड धरला आणि बाहेर आणलं. ते म्हणत होते, अरे थांब, त्याला समजून राहिलं होतं.

पार्किंगच्या धुळीत गाडी उभी होती. आत बसलो. काचा बंद, बाहेर भोंग्यावर लकी ड्रॉ. मी पुढे बघत सगळं सांगितलं. आवाज, काकू, अण्णा, डोफिन, सोमवार. बाबा एका हाताने दुसऱ्या हातातल्या मफलरच्या गाठी सोडवत होते, ज्या नव्हत्याच.

मग म्हणाले, "काढ बरं."

मी काढली. त्यांनी ऐकली. मान हलवली, जशी माझी पाढ्यांची वही तपासताना हलवायचे.

"मला विचारायचं होतंस, जातो म्हणून."

"तुम्ही गाडी आणली होती बाबा. तुम्हाला चालवता पण येत नाही. मी कसा जाणार होतो?"

बाबांनी मफलर घडी करून मांडीवर ठेवला. मग असं बोलले, जसं काय दुसऱ्या कोणाबद्दल सांगून राहिले आहेत.

"म्हणूनच घेतली."

एवढंच. मी चावी फिरवली. गाडी अगदी गप्प चालली, नव्या गाडीसारखी. मेळ्यापासून खासगी बाजारापर्यंत आम्ही दोघं तिचा नसलेला आवाज ऐकत आलो.

पुढचा सोमवार आला आणि गेला. कोणी मला अडवलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. भरल्या काउंटरवर बाबांना तसं उभं केल्यावर कोणत्या तोंडाने बॅग भरणार होतो? अण्णांना मी मेसेज टाकला, घरी अडचण आहे. त्यांनी अंगठा पाठवला. नंतर त्यांच्या व्हिडिओत एक नवा पोरगा दिसायला लागला, हात काळे, नाशिकचाच असणार. डोफिन आता लंगडत नव्हती.

त्यानंतर बाबा आणि मी एकमेकांशी फार सभ्य झालो. घरातल्या दोन माणसांनी एवढं सभ्य असू नये. ते म्हणायचे, वेळ असेल तर आत्याकडे सोडशील का. मी म्हणायचो, हो बाबा, आहे न वेळ. आई मागच्या सीटवर खिडकीतून दुकानं बघायची. मला म्युरेना आठवायची. वाटायचं, एका ओळीत बसलो असतो तर निदान तिघांना एकच रस्ता दिसला असता. मग वाटायचं, आईने एका नजरेत त्या गाडीचं जे ओळखलं, ते मला इतकी वर्षं फोटो बघून दिसलं नव्हतं.

नकला मी सोडल्या नाहीत. पोटाला लागतात त्या. सध्या नई सडक सोडून बिरलानगरच्या एका कोचिंगमध्ये संध्याकाळी पोरांना हिशेब शिकवतो, आणि तास कंटाळवाणा झाला की पान्हार आणून खिडकीखाली उभी करतो. परीक्षा तिसऱ्यांदा दिली. लोक विचारतात, बाहेर का नाही जात, आणि मी सांगतो, गाडी आहे न घरी, चालवणार कोण. हे वाक्य मी इतक्यांदा बोललो की त्यात माझा आवाज उरला नाही, गुळगुळीत झालं ते.

दिवाळीनंतर एका सकाळी बाबा माझ्यासमोर एक कागद ठेवून चहा प्यायला लागले. लर्निंग लायसन्स. फोटोत ते असे घाबरलेले की जसं काय चोरीत सापडले आहेत. मला म्हणाले, शिकव.

बासष्टाव्या वर्षी माणसाला क्लच शिकवणं म्हणजे काय, ते कोणी लिहून ठेवायला पाहिजे. मेळ्याच्या रिकाम्या मैदानात रोज सकाळी आम्ही दोघं. गाडी उड्या मारायची, बंद पडायची. मी खेकसायचो, आणि खेकसताना मला माझ्याच तोंडून त्यांचा आवाज ऐकू यायचा, सातच्या पाढ्याचा. ते शांतपणे म्हणायचे, परत सांग. आम्ही दुसरं काही बोलायचो नाही. क्लच, ब्रेक, आरसा. दोन वर्षांत एवढं सलग कधी बोललो नव्हतो. टेस्टमध्ये एकदा फेल झाले. परत गेले. डिसेंबरात पास झाले, आणि येताना गजक घेऊन आले, जशी काय मुलगी पास झाली आहे.

तर आज. मेळा लागलाय, संक्रांत कालच झाली, दुपारचे चार. आत्या तिच्या बायकांना घेऊन स्वतःच आमच्या दाराशी आली होती. मी चावी घ्यायला हात पुढे केला तर चावी बाबांकडे. आत्या त्यांच्याकडे बघून म्हणाली, अरे, आमची पोरंबाळं आहेत घरी. बाबा म्हणाले, मग नीट बसा. मला म्हणाले, तू नको. एवढं मोठं वाक्य त्यांनी पाच दिवस तयार केलं असणार.

गाडी निघाली. एक उडी मारली, आतून चार बायकांनी देवाचं नाव घेतलं, आणि मग सरळ झाली. मी गल्लीत उभा राहिलो, रिकामे हात कुठे ठेवायचे ते न कळून. ती दुसऱ्याच गिअरमध्ये कण्हत वळणापर्यंत गेली. तिसरा टाका बाबा, तिसरा. वळणाच्या पलीकडून इंजिन मोकळं झालेलं ऐकू आलं, टाकला.

आई मागे दारात उभी होती.

"दोन वर्षं सगळ्यांना सांगत होतास, गाडी कोण चालवणार म्हणून," ती म्हणाली. "आता काय सांगशील?"

उत्तराची वाट न बघता ती आत गेली. मी पायरीवर बसलो. अण्णांचा नंबर काढला. नाशिकचा पोरगा अजून आहे की गेला, मला कोण ओळखेल, काहीच माहीत नव्हतं. लावला. रिंग वाजायला लागली, आणि कोणीतरी उचलेल म्हणून मी घसा साफ केला.